जटेखालची जखम

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, रायपूरच्या शंकर नगरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्यालाही लोकांना हसवणारा हा इसम आज एक अत्यंत गंभीर निवेदन करणार आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे संधी नाही. कारण ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि अभनपूरकडच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी मेंढ्या पाळल्या. सहाच. पण काय लाड! वर्षभर झुडपांतून हिंडून त्यांच्या पोटाखालच्या लोकरीत गोखरू अडकायचे, चिखल वाळायचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे नुसत्या जटा. बाबा त्या बोटांनी सोडवत बसायचे. सुटलीच नाही एखादी, तर कातडीवर दोन बोटं आडवी ठेवून त्यांच्या वरून कात्री चालवायचे. जटा ओढायची मात्र नाही. ओढली की खालचं कातडं तंबूसारखं वर येतं, आणि मग कात्रीत काय येईल सांगता येत नाही. हे मला माहीत होतं — ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. ऑफिसात नवे साहेब आले होते, आणि त्यांना हसवून मी मोठा होऊ पाहत होतो. एका रविवारी त्यांना शेतावर नेलं. बाबांनी एका मेंढीची अर्धी लोकर उतरवली आणि ते चहाचं बघायला आत गेले. आणि मी? मी कात्री उचलली. खांद्यावर टॉवेल टाकला, न्हावी झालो. मेंढीला विचारलं, कट कौन सा रखें, मॅडम? साहेब लोक पोट धरून हसत होते. त्या हशातच मी पोटाखालची जटा मुठीत धरली, ओढली, आणि कात्री मारली.

मेंढी ओरडली नाही. नुसती थरथरली. तळहाताएवढं कातडं कापलं जाऊन आतलं मांस उघडं पडलं होतं. मी काय केलं असेल? तीच जटा जखमेवर दाबली, मेंढी पायांवर उभी केली आणि वाकून सलाम ठोकला. टाळ्या पडल्या. बाबांनी चहा आणला तेव्हा मी सांगू शकलो असतो. हळद लावली असती त्यांनी, धुतलं असतं. दोन मिनिटांचं काम. पण साहेबांसमोर?

त्या दिवशी नाही सांगितलं, दुसऱ्याही दिवशी नाही; उरलेली अर्धी लोकरही पाहुण्यांच्या गडबडीत तशीच राहिली. मग मेंढी कळपापासून वेगळी उभी राहू लागली. मग बसली. जनावरांच्या डॉक्टरांनी ती चिकटलेली जटा उचलली, तर खाली अळ्या वळवळत होत्या. “बाबूजी, ये तो कैंची का घाव है,” ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत ती गेली.

उरलेल्या पाचही बाबांनी महिन्याभरात देऊन टाकल्या. कात्रीला पुन्हा हात लावला नाही. दाढी करायला ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या न्हाव्याकडे जाऊ लागले — आयुष्यभर स्वतःची दाढी स्वतः करणारा माणूस! पाहुण्यांसमोर कप उचलायचे नाहीत, चहा गार होऊ द्यायचे. पुढे कितीतरी वर्षं जगले, आणि सगळी वर्षं आपल्या हातांकडे संशयाने बघत जगले.

तुम्ही म्हणाल, गप्प राहिलास, एवढंच ना? एवढंच असतं तर मी तेही एखाद्या लग्नात रंगवून सांगितलं असतं. मी गप्प राहिलो नाही.

मेंढी मेली त्या संध्याकाळी बाबा तिच्याजवळ उकिडवे बसले होते. आई दारात उभी. बाबांनी दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले, मग माझ्याकडे मान वर केली. “काहून रे, माह्याच हातून झालं काय हे?”

त्यांचे हात तेव्हा थरथरत नव्हते. शपथेवर सांगतो, अजिबात नव्हते. आणि मी, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, बोलून गेलो —

“मंग कोणाच्या हातून होईल, बाबा? तुमचे हात कवाचेच थरथरून राहिले!”