गच्चीवरच्या फेऱ्या

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर सुनंदाताई चालत असतात. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन, पाण्याच्या टाकीभोवती गोल गोल. वाळत घातलेली चादर आडवी आली की वाकतात आणि पुन्हा चालू लागतात. बघून माझं डोकं फिरतं.

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा त्या हौसेने बूट घेऊन आल्या होत्या. कॉलेजात खो-खो गाजवलेली बाई. सकाळी मैदानावर गेल्या, तर कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, "घरची कामं संपली वाटतं." घरी परतल्या, तर चहाला उशीर झाला म्हणून सासूबाई फुगलेल्या. नवऱ्याने समजूत काढली, "दिवसभर राबतेसच की. तोच व्यायाम."

मैदान म्हणे सगळ्यांचं असतं. पण तिथे पोचायला आधी सकाळ आपली असावी लागते. बाईची सकाळ घरातल्या सगळ्यांनी वाटून घेतलेली असते, आणि दुखणं तेवढं तिचं एकटीचं.

त्यांचे यजमान मात्र रोज सकाळी मैदानावर धावतात. काल फाटकापाशी भेटले. घाम पुसत म्हणाले, "वहिनी, हिला जरा समजवा. फार आळशी झालीय."

मी म्हटलं, "भाऊजी, उद्यापासून सकाळचा चहा आणि डबे तुम्ही बघा. सुनंदाताई माझ्याबरोबर येतील."

ते मोठ्याने हसले. मी हसले नाही, आणि फाटकातून बाजूलाही झाले नाही.

"मग किती वाजता येऊ त्यांना न्यायला?" मी विचारलं.