हात लावून शिकलेली नामं

इंग्रजी नामांचे प्रकार वहीत लिहून येतात असं मानणाऱ्या माणसाला मद्रासच्या आमच्या घरमालकांनी जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. मला तर दोनदा पाठवलं. ते तंजावरी मराठी, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. वरच्या मजल्यावर राहत आणि सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे. मी चाळिशीतली कारकून. बढतीच्या परीक्षेत इंग्रजीने मला दोनदा पाडलं होतं आणि तिसरी संधी शेवटची होती. म्हणून रोज सकाळी साडेसहाला मी त्यांच्याकडे जाऊ लागले, तेही प्रत्येक प्रकाराची वीस उदाहरणं आकडे घालून वहीत लिहून. मामांनी वही मिटली. "अय्यो, ही नुसती यादी. वस्तू कुठं आहे?"

ज्या नामाला हात लावला नाही ते आपलं नव्हे, हा मामांचा नियम. सामान्यनामासाठी मी चमचा नेला. पदार्थवाचकासाठी वाटीभर तांदूळ नेले, ते मामींनी परस्पर इडलीला भिजत घातले. विशेषनाम म्हणून मामांनी मामींनाच पुढे केलं. मामी म्हणाल्या, "चाळीस वर्षं नावानं हाक मारली नाही, आता हिच्यासमोर मारा बघू!" मामा घसा खाकरून समूहवाचक नामाकडे वळले. त्यासाठी मला तांबरम स्टेशनवर गर्दीत तासभर उभं केलं. त्यात माझी एक चप्पल गेली. "आता विसरशील कां?" मामा खुशीत.

भाववाचक नामाशी मात्र अडलं. "एक घेऊन ये," मामा म्हणाले. तीन दिवस मी रिकाम्या हाताने गेले. चौथ्या दिवशी, परीक्षा परवावर आलेली, माझा आवाज चढला. "मामा, जे दिसत नाही, हाताला लागत नाही, ते आणू कुठून? ही संधी गेली तर मी जन्मभर कारकूनच राहीन!"

मामा आत बघून ओरडले, "ऐकलंस गं? भीती आणली हिनं, राग पण आणला. मागितलं एक, आणले दोन!" मग मला म्हणाले, "सरि, झालं तर. बस, कॉफी घे."

मी पास झाले. मैसूरपाक घेऊन वर गेले. मामांनी गुण विचारले नाहीत. हातातला तुकडा तसाच धरून म्हणाले, "मग उद्यापासून येणार नाहीस."

सकाळच्या त्या मोकळ्या तासासाठी मी कामं नेमून ठेवली होती. तरी मी म्हणाले, "येणार तर. क्रियापदं राहिलीत ना."

क्रियापदं मला आधीपासून चांगली येत होती. मामांनाही ते ठाऊक होतं. मामा अगदी थकेपर्यंत, दोन वर्षं, आम्ही ती पुरवून पुरवून वापरली.