पाणकोंबडी आणि माझा ढीग

मी शिकलो तो मामामुळे. आई गेल्यावर त्याने मला आसगावजवळच्या आपल्या गावी नेलं. मामा ढीवर, तलावात जाळं टाकणारा. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. त्याने मला साकोलीला वसतिगृहात ठेवलं, मी प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि अंदमानातल्या एका लहान बेटावर शिक्षक झालो.

आमच्याकडे उन्हाळ्यात तलाव आटत आला की सगळे ढीवर मिळून मासे काढतात आणि काठावर माणसागणिक ढीग लावतात. बाहेरगावी गेलेल्याचाही ढीग लागतो, पण तो परत येणार असं घरच्यांना सगळ्यांसमोर सांगावं लागतं. तो ढीग म्हणजे तलावावरचा त्याचा हक्क. एकदा थांबला की पुन्हा लागत नाही. मामा दर वर्षी उभा राहून सांगायचा, "माझा भासा येऊन राहिला." म्हणजे भाचा येतोच आहे.

बेटावर आलो तेव्हा शाळेमागच्या दलदलीत पाणकोंबडी दिसली. तीच पांढरी छाती, तेच शेपटी हलवत चालणं. मामाच्या तलावावर ती बेशरमाच्या झुडपांत असते. मागे लागलं की पळते. उडालीच तर पाय लोंबकळत पलीकडच्या झुडपात जाऊन पडते. मी मामाला फोन केला.

"तिथं पन आहे? समुद्र कसा ओलांडला तिनं? तिले तं धानाची एक बांधी ओलांडता येत नाही."

"उडत आली असेल, मामा."

"काहीतरीच! कोनी टोपल्यात घालून नेली असन."

मी वर्गात शिकवतो ते असं. वाऱ्याने भरकटलेले पाणपक्षी बहुतेक समुद्रातच पडतात. एखाददुसरा जमिनीला लागतो, दलदल मिळाली की राहतो. याच कुळातले काही पक्षी फार दूरच्या बेटांवर पोचले. तिथं त्यांच्या मागे लागणारं कोणी नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या पंख खुजे होत गेले, आणि मग परतीचा प्रश्नच उरला नाही. मी फळ्यावर लिहितो, मुलं उतरवून घेतात. मला काही वाटत नाही.

माझं लग्न इथलंच. नोकरी कायम झाली. मामाला हे माहीत होतं, तरी तो उभा राहायचा.

यंदा ढीग लावताना शेजारी म्हणाला, "काहो, तुमचा भासा येऊनच राहिला! पायी निघाला का समुद्रातून?" सगळे हसले. ढीग दिला, पण पुढल्या वर्षी मामाने देवळासमोर शपथ घेऊन सांगावं असं ठरलं. मामाने हे मला फोनवर सांगितलं.

"मंग काय सांगू, बाबू?"

मी म्हणालो, बघू. मामा कधी खोटी शपथ घेत नाही. माझ्यासाठी मात्र घेईल, हे मला ठाऊक होतं. फोन ठेवला आणि पत्र लिहिलं.

"मामा, नमस्कार.

शपथ घेऊ नको. मी सुट्टीत येईन, पण राहायला येणार नाही. माझा ढीग थांबवा असं तू स्वतःच उभा राहून सांग, म्हणजे कोणी हसणार नाही. मी शिकलो ते त्या तलावाच्या जिवावर, हे विसरलो नाही.

शाळेमागच्या पाणकोंबडीला पिल्लं झाली आहेत. काळी, आपल्याकडच्यासारखीच.

आलो की तुझ्या ढिगातलं जेवीन.

तुझा भासा."