आग्रहाला आवर घालायची फ्रेंच रीत

मी फ्रेंचची मास्तरीण झाले, त्याला तांबडा रस्सा जबाबदार आहे.

विद्यापीठात मी फ्रेंच घेतलं, ते फ्रान्सच्या प्रेमापोटी नव्हे. मैत्रिणीनं घेतलं म्हणून मी घेतलं. महिन्याभरात मैत्रिणीचं लग्न झालं, आणि मी वर्गात एकटीच उरले! कशीबशी बी.ए. झाले. पुढं शिकायचं म्हटलं, तर वडिलांनी, म्हणजे आबांनी, कोडोलीचं स्थळ आणून ठेवलेलं.

त्यातच कागलकडं कुठल्याशा कारखान्यात यंत्र बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला. माझं फ्रेंच पारखायला आबांनी त्याला थेट जेवायलाच बोलावलं. मला म्हणाले, "पोरी, पावण्याचं नीट झालं तर शीक पुढं. न्हायतर कोडोली!"

पाहुणा पाटावर येऊन बसला. सहा फूट उंच, गुडघे कानाला लागलेले! जिवंत फ्रेंच माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. त्याला बघताच होतं नव्हतं ते फ्रेंच डोक्यातनं पळालं. उरलं फक्त पहिल्या धड्यातलं वाक्य. तेच ठणकावून म्हटलं, "पुस्तक टेबलावर आहे!"

तो बिचारा टेबल शोधू लागला. (आमच्या घरात टेबल नव्हतंच. पुस्तकंही जेमतेम.)

"काय म्हणालीस गं?" आबा.

"स्वागत केलं!"

आत्यानं रस्सा वाढला. पाहुण्यानं एक घोट घेतला आणि टोमॅटोसारखा लाल झाला. हात हलवत काहीतरी पुटपुटला. आणि काय सांगू, मला ते कळलं! मी आनंदानं ओरडले, "आबा, ते पुरं म्हणत्यात!"

"पावणा पुरं म्हणणारच की! लाजतोय त्यो. वाढ गं आक्का!"

पळी आली. तो कळवळून पुन्हा बोलला.

"आबा, ते खरंच नको म्हणत्यात!"

"दोनदा नको म्हणाला? मग भूक लई हाय! वाढ!"

आता पाहुणा माझ्याकडं दरोडेखोराकडं बघावं तसा बघू लागला. मी तोंड उघडलं की पळी येते, एवढंच त्याला कळलेलं! शेवटी हात जोडून म्हणाला, "बाई, कृपा करून तुम्ही काही सांगू नका." (हेही मला कळलं. त्या दिवशी माझं फ्रेंच फारच सुधारलं होतं.)

डोळ्यांपुढं कोडोली दिसू लागली! मी सरळ त्याच्या समोर बसकण मारली. ताटावर दोन्ही हात आडवे धरून दाखवले, मान जोरजोरात हलवली आणि त्याच्याकडनं मराठीतच घोकून घेतलं, "आईशप्पथ, पोट भरलं!"

तिसऱ्या खेपेला पळी आली, तसा तो ताटावर अक्षरशः पालथा पडून किंचाळला, "आईशप्पथ, पोट भरलं!"

आत्याची पळी हवेतच थांबली. आबांचे डोळे पाणावले. "आरं तिच्या! पावणा आपलं बोलाय लागला की!"

पाहुणा गेल्यावर आबांनी निकाल दिला, "हिला फ्रेंच बोलाय येत न्हाय, हे आंधळ्यालाबी दिसतंय. पर शिकवाय झकास येतंय. जाऊ दे पुढं. मास्तरीण हुईल!"

झाले की! एम.ए. केलं, आणि निवृत्तीपर्यंत कोल्हापूरच्या पोरांना फ्रेंच शिकवलं. कितीतरी पोरं फ्रान्सला गेली, तिथंच रमली. "मॅडम, एकदा तरी या!" म्हणून दर वर्षी बोलावतात. मी गुडघेदुखीचं कारण सांगते.

गुडघे ठणठणीत आहेत हो. पण तिथं कुणी फ्रेंचमधनं काही विचारलं तर?