मोरगावच्या आबांचा वेळ: शून्य मिनिटं

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

आज आईला घेऊन बारामतीतल्या एका दवाखान्यात गेले होते. भिंतीवर मोठा फलक होता, 'रुग्णांना थांबावं लागणारा सरासरी वेळ: अठरा मिनिटं'. आम्ही चार तास बसलो होतो. शेजारचे मोरगावचे आबा आमच्याही आधीपासून बसलेले. त्यांना शुगर, पायाची जखम चिघळलेली.

एक वाजता ते उठले. "आता न्हाय थांबत पोरी. यष्टी गेली तर घरी कसा जाऊ?" म्हणाले आणि लंगडत निघून गेले.

मी शाळेत गणित शिकवते. अठरा मिनिटं आली कुठून, हे मी व्यवस्थापकांना जाऊन विचारलं.

"कॉम्प्युटर काढतो मॅडम. जो पेशंट न तपासता जातो, त्याचा वेळ शून्य धरतो."

"म्हणजे जितके लोक कंटाळून जातील, तितकी तुमची सरासरी चांगली?"

"वर आकडाच पाठवायचा असतो," एवढं बोलून ते स्क्रीनकडे वळले.

सातवीतल्या पोरानं असं गणित केलं तर मी त्याला गुण देत नाही. आणि वरचे लोक याच आकड्यावरून दवाखान्याला डॉक्टर किती हवेत ते ठरवतात.

तक्रारवहीत सगळं लिहून सही केली, आईला तिथंच बसवलं आणि स्टँडवर धावले. आबांची गाडी गेली होती.

मोरगावकडचं कुणी वाचतंय का? उजव्या पायाला मळकी पट्टी बांधलेले आबा कुणाच्या ओळखीचे आहेत? त्यांना आजच कुठंतरी दाखवा. ती जखम थांबणारी नाही.