रेकॉर्डवरचं नाव

मेम्फिसमधला क्लिओफस टार्व्हर दिवसभर लाँड्रीत पँटींना इस्त्री करायचा आणि वाफेच्या फुसफुशीवर गाणी जुळवायचा. शहरातली पोरंपोरी त्या गाण्यांवर बेभान नाचायची. रेकॉर्डवर नाव मात्र भलत्याचंच. त्या धंद्यात रीतच होती, जो गाणं रेडिओवर वाजवेल तो गीतकार. म्हणून पहिल्या गाण्यावर रेडिओवाल्याचं नाव आलं. ती सवय अंगात मुरली आणि दुसऱ्यावर कंपनीचे मालक ग्रिसमसाहेब यांच्या बायकोचं आलं, तिसऱ्यावर त्यांच्या न्हाव्याचं. न्हावी म्हणे मनानं फार हळवा होता.

क्लिओफसला याचं वाईट वाटे ते आईपायी. ओडेसाबाई चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या. प्रत्येक रेकॉर्ड त्या डोळ्यांजवळ धरून वाचत आणि परत देत.

"हा कोण मेला न्हावी? आणि तू म्हणे गाणी लिहितोस! थापा मारू नकोस, क्लिओ. इस्त्री करण्यात कसला आलाय कमीपणा?"

"आई, तुझी शपथ!"

"माझी शपथ राहू दे. नाव दाखव."

चौथं गाणं, 'कंबर सांभाळ, लूसी', धडाक्यात चाललं. त्यावर ग्रिसमसाहेबांनी स्वतःचंच नाव घातलं होतं. मग एका शाळेत मुलं बाकांवर चढून त्यावर नाचली आणि पाद्री, पेपरवाले, आईबाप सगळे हात धुऊन ग्रिसमसाहेबांच्या मागे लागले. ग्रिसमसाहेबांना एकाएकी न्याय सुचला. त्याच गाण्याच्या पुढच्या रेकॉर्डांवर एकट्या क्लिओफसचं नाव छापून आलं.

"तुझ्यावर फार अन्याय झाला रे," त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले. "हे लेकरू तुझं एकट्याचं."

ज्या नावासाठी जीव टाकला, ते आता शिवीसारखं झालं होतं. रेकॉर्ड आईला दाखवायचा त्याला धीर होईना. त्यानं ती गादीखाली सरकवली.

रविवारी पाद्री हातोडी घेऊनच उभे राहिले. दुसऱ्या हातात तीच रेकॉर्ड.

"हे पाप कोणी लिहिलंय, ऐका!" त्यांनी चष्मा लावला. "क्लिओफस टार्व्हर!"

सगळ्या माना वळल्या. क्लिओफसला बाकाखाली शिरावंसं वाटलं. पाद्रींनी हातोडी उगारली, तेवढ्यात ओडेसाबाई टोपी सावरत उठल्या.

"थांबा, पाद्रीबाबा." त्या म्हणाल्या, "गाणं वाईट असेल, खुशाल फोडा. पण आधी ते नाव परत एकदा वाचा. जरा मोठ्यानं."