भाऊजींची उजळणी

बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी आमच्या रांझीच्या क्वार्टरमध्ये दोनच गोष्टींना मान होता. एक बाबांची दारूगोळ्याची फॅक्टरी, दुसरी भाऊजींची परीक्षा. त्यातही परीक्षेला जास्त.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, नागपूरचे एम.बी.बी.एस. अमेरिकेत डॉक्टरी करायची तर आधी परवान्याची परीक्षा द्यावी लागे, आणि स्वतःच्या घरी भावंडांचा गोंगाट, म्हणून ते ताईला घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आले. डॉक्टर जावई घरात बसलाय याचं आईला कोण अप्रूप. ताटात पहिली पोळी त्यांची, तूप त्यांचं, आणि घरातली शांतताही त्यांची. बाबांनी रेडिओवर लढाईच्या बातम्या ऐकायच्या त्या खोक्याला कान लावून. ज्यांनी भरलेले गोळे सरहद्दीवर जात होते, त्यांना स्वतःच्या घरात बातम्या ऐकायची चोरी.

मी कॉलेजात होते, इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून प्रश्न वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जाडजूड पुस्तक होतं. एकेक प्रश्न, खाली पाच उत्तरं, त्यातलं एक बरोबर. मूल, ताप, घशात राखाडी पापुद्रा. मी पाच उत्तरांपर्यंत पोचायच्या आत भाऊजी डोळे मिटून म्हणायचे, "घटसर्प. प्रतिविष ताबडतोब, तपासणीची वाट बघायची नाही. नेक्स्ट." आणि चुटकी वाजवायचे. माणूस असा त्या पुस्तकात कुठे नव्हताच. एक वय, दोन लक्षणं, एक औषध, संपला पेशंट. एकदा ताईचा हात उकळत्या दुधाने भाजला. भाऊजींनी आतूनच विचारलं, फोड आलाय का. नाही म्हटल्यावर भाजण्याचा प्रकार सांगितला, उपचार सांगितला, आणि मग चहाचं काय झालं ते विचारलं. ताईला यातही नवऱ्याची हुशारी दिसली. तिला ती कशातही दिसायची.

बाबा फिलिंग सेक्शनला होते, म्हणजे गोळ्यांत टीएनटीची दारू भरायच्या कामावर. त्या पावडरीने हात पिवळे होत ते सुटीतही जात नसत. साबण लावला की मोरीतलं पाणी लालसर व्हायचं. आमच्या वस्तीत या पिवळ्या हातांची कोणाला शिसारी नव्हती, उलट त्या वर्षी तर त्यांचा तोरा होता. घमापूरच्या बाजारात भाजीवाला बाबांचे हात बघायचा आणि गर्दीतून त्यांना पुढे बोलवायचा, "फैक्ट्रीवाले भैया, पहले आप लो." बाबा एरवी लाजरे, पण तेवढ्यापुरते ताठ चालायचे.

म्हणून बाबांचे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा आई हसली. म्हणाली, फॅक्टरीचा रंग आता वर चढला. शेजारणीही हसल्या. त्यांच्याही घरी पिवळे हात होते, त्यामुळे पिवळ्या रंगाची भीती कोणाला वाटावी?

पण बाबांना फोडणीच्या वासाने मळमळायला लागलं. ओव्हरटाइम करून आले की न जेवताच आडवे व्हायचे. मोरीत लघवीचा रंग काळ्या चहासारखा दिसायचा. मी म्हटलं, फॅक्टरीच्या दवाखान्यात दाखवा. त्यांनी ऐकलं नाही. दाखवलं की फिलिंगवरून काढतात, आणि लढाई चालू असताना कामावरून उठणं त्यांना पळून गेल्यासारखं वाटत होतं. वर आणखी एक कारण होतं, ते मात्र त्यांनी शांतपणे सांगितलं.

"काहून घाबरून राहिली तू? डॉक्टर घरात आहेत ना. रोज माझ्यासमोर जेवून राहिले ते. काही असतं तर बोलले नसते का?"

खरंच, भाऊजी रोज त्यांच्या समोर बसून जेवत होते. बघत मात्र ताटात होते.

मग एका दुपारी मी पुस्तक उघडलं आणि त्यात नसलेला प्रश्न वाचला. पन्नाशीचा पुरुष, बॉम्बगोळ्यांत दारू भरण्याचं काम. हात बरीच वर्षं पिवळे, आता डोळेही. मळमळ, अन्नावर वासना नाही, लघवी गडद.

भाऊजींनी डोळे मिटले. "टीएनटीची विषारी कावीळ. कामावरून त्याच दिवशी हलवायचं. उशीर झाला तर लिव्हर जातं, मग कोणी काही करू शकत नाही. नेक्स्ट."

"नेक्स्ट नाही," मी म्हटलं. "ते बाहेर ओट्यावर बसलेत."

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं उठतील. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि तो प्रश्न कुठल्या पानावर आहे ते शोधायला लागले. सापडेना तेव्हा चिडले. उजळणीची अशी थट्टा करायची नसते, म्हणाले. आणि सासऱ्यांच्या पापण्या आपण ओढून बघायच्या, हे बरं दिसतं का? परीक्षा होऊ दे, मग बघू.

मला त्या माणसाची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मीच भांडून बाबांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खिडकीपाशी उभं करून पापणी खाली ओढली आणि आधी माझ्यावरच ओरडले, इतके दिवस काय करत होतात म्हणून. बाबा माझी बाजू घ्यायला म्हणाले, "नहीं साहब, घर में डॉक्टर है." त्यांना मोठ्या हॉस्पिटलात भरती केलं. लढाई जिंकल्याची बातमी त्यांनी तिथे ऐकली, तोपर्यंत त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती.

भाऊजींचं परीक्षेचं केंद्र देशाबाहेर, कोलंबोला होतं. निघताना ते हॉस्पिटलात जाऊन बाबांच्या पाया पडले. ते तिकडे असतानाच बाबा गेले.

तेराव्याला ते परत आले. पंगती उठल्यावर ताईजवळ बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "एक प्रश्न अगदी बाबांसारखाच आला होता गं. मला एकदम त्यांची आठवण झाली."

ताईने डोळे पुसले आणि विचारलं, "मग, बरोबर आला ना?"

त्यांनी मान डोलावली. बाबा गेल्यापासून ताई तेव्हा पहिल्यांदा हसली.